उकाड्यात डिमेन्शिया, पार्किन्सन्स वाढतो का? (मुंबईकरांनी जरूर लिहा)

परळची_सून

मार्च संपत आला की आमच्या घरात दरवर्षी एकच प्रश्न निघतो: आईंचं जास्त झालंय का? आई म्हणजे सासूबाई. अल्झायमरचं (डिमेन्शियाचाच एक प्रकार) निदान होऊन काही वर्षं झाली. थंडीत (मुंबईत जी काय पडते ती) त्या बऱ्या असतात. माझं नाव आठवत नाही, पण 'अगं' म्हणून हाक मारतात, गवार मोडून देतात, टीव्हीवरच्या बायकांशी भांडतात. उकाडा सुरू झाला की दोन-तीन दिवसांत पार वेगळ्या. दुपारभर येरझाऱ्या, तिन्हीसांजेला 'मला घरी सोडा' सुरू, रात्री डोळ्याला डोळा नाही. भर मे महिन्यात लोकरीची शाल घट्ट लपेटून बसतात आणि काढायला गेलं तर हात झटकतात. जूनमध्ये चार सरी पडल्या की पुन्हा जरा ताळ्यावर.

नणंदबाई म्हणतात, वय झालं, आजार पुढे जाणारच. मान्य. पण पुढे जाणारा आजार पावसाळ्यात मागे कसा येतो?

म्हणून वाचायला घेतलं. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधले संजय सिसोदिया आणि त्यांचे सहकारी यांनी २०२४ साली 'लॅन्सेट न्यूरॉलॉजी' या वैद्यकीय नियतकालिकात हवामान बदल आणि मेंदूचे आजार यांवर एक मोठा आढावा छापला. १९६८ ते २०२३ मधले ३३२ अभ्यास आणि मज्जासंस्थेचे १९ विकार: पक्षाघात, अल्झायमर, मेंदूज्वर, अपस्मार, मायग्रेन असे सगळे. त्यात एक गोष्ट मला फार पटली. नुसतं सरासरी तापमान बघून भागत नाही. टोकाचे दिवस, अचानक चढउतार आणि न उतरणाऱ्या रात्री यांनी जास्त नुकसान होतं.

आमची इमारत पुनर्विकासातली. शेजारच्या विंगची भिंत खिडकीतून हात बाहेर काढला तर लागेल. दिवसभर तापलेलं काँक्रीट रात्री दोनलाही गरम लागतं. त्यामुळे तो रात्रीचा मुद्दा वाचून मी नवऱ्याला उठवून दाखवला.

तुमच्याकडे काय अनुभव? आणि खरंच काही करता येतं का, की नुसतं 'पाणी पाजा'?

भांडुपकर
वाचनखूण साठवली. बाबांना पार्किन्सन्स (कंपवात) आहे, सविस्तर लिहितो रात्री.

जुना_गिरणगावकर

आता हेही वॉर्मिंगच्या खात्यात! सर्दी झाली वॉर्मिंग, विसरायला लागलं वॉर्मिंग. आमचे वडील गिरणीत साच्यावर (म्हणजे मागावर) होते. सूत तुटू नये म्हणून साचेखात्यात मुद्दाम हवा दमट ठेवत, वर यंत्रांची धग. घरी दहा बाय बाराच्या खोलीत आठ माणसं आणि एक पंखा. कोणाला डिमेन्शिया झाला नाही. आजकाल एसी बंद पडला की माणसं आजारी पडतात.

परळची_सून

काका, तुमच्या वडिलांबद्दल आदर आहेच. पण ते साच्यावर उभे होते तेव्हा वय काय होतं? पस्तीस-चाळीस? माझ्या सासूबाई ८१ च्या आहेत. आणि 'कोणाला झाला नाही' म्हणाल तर तेव्हा 'साठी बुद्धी नाठी' म्हणून सोडून देत. देश स्वतंत्र झाला तेव्हा सरासरी आयुर्मान ३२ च्या आसपास होतं, आता सत्तरीला पोचलंय. भारतात साठीपुढच्या लोकांत डिमेन्शियाचं प्रमाण ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख माणसं, हा अंदाज २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. पूर्वी कोणी मोजतच नव्हतं.

मेंदूवाला_डॉक्टर

चांगला धागा. मी न्यूरॉलॉजीत काम करतो, पण इथे कोणाला औषध सांगणार नाही, तो तुमच्या डॉक्टरांचा प्रांत.

आधी एक गल्लत दूर करतो. 'उष्णतेने अल्झायमर होतो' हे आज कोणी छातीठोकपणे म्हणू शकत नाही. 'अल्झायमर असलेला माणूस उष्णतेत कोसळतो' याचे पुरावे मात्र भक्कम आहेत. इंग्लंडमधल्या एका अभ्यासात १७ अंशांच्या वर प्रत्येक अंशामागे डिमेन्शियाच्या रुग्णांचं इस्पितळात दाखल होण्याचं प्रमाण साडेचार टक्क्यांनी वाढलेलं दिसलं.

का होतं? मेंदूचं वजन शरीराच्या जेमतेम दोन टक्के, पण ऊर्जा खातो वीस टक्के. त्या ऊर्जेची उष्णता होते आणि ती रक्तानेच बाहेर न्यावी लागते. बाहेर उकडत असलं की शरीर रक्त त्वचेकडे वळवतं, घामातून पाणी जातं, रक्तदाब उतरतो आणि मेंदूचा वाटा कमी होतो. तरुणाला हे निभतं, तो उठून पंख्याखाली जातो. हे सगळं, आणि तहानही, सांभाळणारा मेंदूतला भाग म्हणजे हायपोथॅलॅमस. म्हातारपणी तहान मुळातच कमी लागते. डिमेन्शियात त्यावर आणखी भर पडते. तहान लागली तरी ती तहान आहे हे कळत नाही, कळलं तरी सांगता येत नाही, समोरचा पेला आपल्यासाठी आहे हेही उमगत नाही. तुमच्या सासूबाईंची शाल त्यातलीच. 'मला उकडतंय, म्हणून ही काढावी' ही साखळीच तुटलेली असते.

आता सर्वांत महत्त्वाचं. डिमेन्शिया महिन्या-वर्षांच्या गतीने वाढतो. दोन दिवसांत माणूस बदलला तर तो बहुतेक वेळा आजाराचा पुढचा टप्पा नसतो, ते डेलिरियम (अचानक उठणारा मेंदूचा गोंधळ) असतं. त्याची कारणं: पाणी कमी, सोडियम कमी, लघवीतला जंतुसंसर्ग, बद्धकोष्ठ, झोप नाही किंवा एखादी गोळी. यातलं बरंचसं दुरुस्त होतं. 'वय झालं' म्हणून घरी बसलात तर होत नाही, आणि डेलिरियमचे असे झटके वारंवार आले की मूळ डिमेन्शियाची घसरणही वेगाने होते. त्यामुळे नणंदबाईंना माझा नमस्कार सांगा, पण ऐकू नका.

मेडिकलवाले_काका

डॉक्टरसाहेबांनी 'एखादी गोळी' एवढ्यावरच सोडलं, ते मी पुढे नेतो. गिरगावात दुकान चालवलं आयुष्यभर, आता मुलगा बघतो.

उन्हाळ्यात म्हाताऱ्या माणसाची औषधांची पिशवी एकदा टेबलावर ओता. तीन प्रकार बघायचे.

एक, घाम अडवणाऱ्या. कंपवातात थरथरीसाठी ट्रायहेक्सीफेनिडिल देतात (पॅसिटेन म्हणून सगळे मागतात), लघवी वारंवार होते म्हणून ऑक्सिब्युटिनिन, झोपेसाठी किंवा मुंग्या येतात म्हणून अमिट्रिप्टिलिन, आणि सर्दीसाठी आपण सहज काउंटरवरून नेतो त्या क्लोरफेनिरामाइनवाल्या गोळ्या. या सगळ्यांनी घाम कमी होतो, तोंड कोरडं पडतं, वर गोंधळही वाढतो. फिटच्या औषधांपैकी टोपिरामेट आणि झोनिसामाइड हीसुद्धा घाम कमी करतात.

दोन, आरडाओरडा करतात म्हणून दिलेल्या हॅलोपेरिडॉल, क्वेटियापिनसारख्या गोळ्या. शरीराचा तापमान सांभाळायचा बंदोबस्त त्यांनी ढिला होतो.

तीन, लघवीच्या गोळ्या, आणि त्या बऱ्याचदा ब्लडप्रेशरच्या गोळीत लपलेल्या असतात. टेल्मिसार्टनच्या नावापुढे 'एच' असेल तर त्यात हायड्रोक्लोरोथायझाइड आहे. थंडीत बिनतक्रार चालणारी ही गोळी मे महिन्यात घामाबरोबर सोडियमही काढून नेते. गेल्या काही वर्षांत 'आजीचं सोडियम उतरलं, दाखल केलंय' हे वाक्य मी काउंटरवर जितकं ऐकलं तितकं 'ताप आलाय' हेसुद्धा ऐकलं नसेल.

स्वतःहून एकही गोळी बंद करायची नाही. यादी करून डॉक्टरांपुढे ठेवायची आणि विचारायचं, उन्हाळ्यापुरतं यात काही बदलायचं का?

परळची_सून
काका, आत्ता स्ट्रिप बघितली. 'एच' आहे!!

मेंदूवाला_डॉक्टर
घाबरू नका. उद्या सोडियम, पोटॅशियम, क्रिएटिनिन आणि लघवीची साधी तपासणी करा, मग तुमच्या फिजिशियनशी बोला.

भांडुपकर

आता आमची कथा. बाबा बेस्टमध्ये होते. पार्किन्सन्सला बरीच वर्षं झाली. लोकांना वाटतं पार्किन्सन्स म्हणजे हात थरथरणं. थरथर परवडली. आपोआप चालणाऱ्या गोष्टी बिघडतात ते जास्त भारी पडतं. घाम एक तर येतच नाही, नाहीतर मान आणि डोकं चिंब भिजतं नि पाय कोरडे ठणठणीत. उठून उभं राहिलं की रक्तदाब धाडकन खाली. उन्हाळ्यात तर कॉटवरून उठताना दोनदा विचार करावा लागतो. आमच्याकडे आता नियमच आहे: आधी बसायचं, पाय खाली सोडून घोट्यात वरखाली हलवायचे, काहीतरी दाटसर प्यायचं, मग उभं राहायचं. बाबा वैतागतात, 'मला काय टर्मिनसला थांबवून ठेवलंय?' म्हणतात.

दुसरी भानगड गिळण्याची. सगळे सांगतात पाणी पाजा, पाणी पाजा. अहो, साधं पाणी त्यांना ठसका लावतं! पातळ पदार्थ श्वासनलिकेत जायची भीती असते. गिळण्याचे व्यायाम शिकवणाऱ्या ताईंनी दाट पदार्थ द्यायला सांगितले. तेव्हापासून तांदळाची दाटसर पेज मीठ घालून, नाचणीची आंबील, घट्टसर पन्हं. चमच्याने, हनुवटी जरा खाली ठेवून. दिवसभर थोडं थोडं. एका वेळी पेलाभर पाजायला गेलं की निम्मं सदऱ्यावर.

आणि लिव्होडोपा (आमची सिंडोपा) आणि जेवणातलं प्रोटीन यांचं जमत नाही, दोन्ही आतड्यातून एकाच वाटेने आत जातात. गोळी जेवणाआधी अर्धा तास तरी. उन्हाळ्यात गारवा म्हणून लस्सीबरोबर गोळी घेतली की असर चढतच नाही आणि मग आम्ही उन्हाला दोष देतो. तहान लागली तर गोळीबरोबर नुसतं दाट केलेलं कोकम सरबत.

मेंदूवाला_डॉक्टर
लस्सीचा मुद्दा अगदी बरोबर. आणखी एक भर: लिव्होडोपा अचानक बंद करायची नाही, स्टॉक संपला म्हणून नाही आणि गावाला जाताना राहिली म्हणूनही नाही. अचानक तुटली तर अंग कडक होऊन ताप चढतो, शुद्ध हरपते. मे महिन्यात त्याला हमखास ऊन लागलं समजतात.

नाक्यावरची

विषय वृद्धांचा चाललाय, पण मी चाळिशीची आहे आणि मला मल्टिपल स्क्लेरोसिस (नसांवरचं आवरण झिजवणारा आजार) आहे. उष्णता आणि मज्जातंतू यांचं नातं बघायचं असेल तर मला ठाकुर्ली ते सीएसएमटी गर्दीच्या लोकलमध्ये उभी करा. अंग अर्धा अंश तापलं की उजव्या डोळ्यासमोर धुकं, पाय जड. एसी लोकलमध्ये बसले की अर्ध्या तासात पूर्ववत. याला उथॉफचा परिणाम म्हणतात. विल्हेल्म उथॉफ या जर्मन नेत्रतज्ज्ञाने १८९० मध्ये नोंदवला. नसांवरचं मायलिनचं आवरण झिजलं की किंचित तापमान वाढल्यावरही संदेश अडतात. एमआरआय नव्हते तेव्हा निदानासाठी रुग्णाला गरम पाण्याच्या टबात बसवत असत म्हणे, वाचूनच घाम फुटला.

चांगली बातमी एवढीच, की ही खरी नवी इजा नसते, गार झालं की उतरते. पण हे ऑफिसात कोणाला पटवायचं? सकाळी ठणठणीत दिसणारी बाई दुपारी भिंत धरून चालते म्हटल्यावर लोकांना नाटक वाटतं.

जुना_गिरणगावकर

वाचतोय सगळं, बरीच माहिती मिळाली. पण ते इंग्लंडचं १७ अंश वाचून हसू आलं. १७ ला ते दाखल होतात, १७ ला आपण कपाटातून स्वेटर काढतो. तिथले आकडे मुंबईला कसे लावायचे?

मेंदूवाला_डॉक्टर

जसेच्या तसे लावायचेच नाहीत, बरोबर पकडलंत. शरीर ज्या हवेला सरावलेलं असतं तिच्यापेक्षा वर गेलं की त्रास सुरू होतो, त्यामुळे उंबरठा प्रत्येक शहराचा वेगळा. पण मुंबईकर सरावलेला आहे म्हणून निर्धास्त, असंही नाही. आपला शत्रू दमटपणा. घाम नुसता येऊन उपयोग नाही, तो वाळायला हवा. विदर्भात ४४ अंशांना घाम लगेच वाळतो, इथे ३४ ला तो नुसता ओघळतो. ओल्या फडक्यात गुंडाळलेल्या तापमापकावर जो आकडा येतो, तो ३५ ला गेला तर कोणीच तगत नाही हे पूर्वीपासून मानलं जायचं. अमेरिकेत २०२२ मध्ये तरुण, निरोगी माणसांवर प्रत्यक्ष चाचणी घेतली तर मर्यादा ३१ च्या आसपासच निघाली. ऐंशीच्या माणसाची त्याहून खाली असणार.

हवामान खात्याच्या निकषात किनारपट्टीला उष्णतेची लाट म्हणायला कमाल तापमान किमान ३७ लागतं आणि सरासरीपेक्षा साडेचार अंश जास्त. उष्ण-दमट हवेचा इशारा वेगळा देतात, पण तो आपण वाचतो कुठे? २०२३ च्या एप्रिलमध्ये खारघरला महाराष्ट्र भूषण पुरस्काराच्या सोहळ्यात उन्हात बसलेल्यांपैकी १४ जण दगावले, तेव्हाही पारा चाळिशीच्या आतच होता.

आणि उष्माघात हा मुळात मेंदूचाच आजार समजा. शरीर ४० च्या वर आणि माणूस बरळतोय, तोल जातोय, झटके येतायत, म्हणजे उष्माघात. अनुमस्तिष्कातल्या (तोल सांभाळणाऱ्या लहान मेंदूतल्या) पर्किंजे पेशी उष्णतेने चटकन मरतात, म्हणून वाचलेल्यांपैकी काहींची चाल आणि बोलणं कायमचं अडखळतं. तिथे पॅरासिटामॉलचा उपयोग नाही. १०८ ला फोन, आणि गाडी येईपर्यंत कपडे सैल, अंगभर पाणी, जोरात पंखा. शुद्ध हरपलेल्याच्या तोंडात पाणी ओतायचं नाही.

प्रयोगशाळेतली_मांजर

डॉक्टर, एक शंका. अल्झायमरमध्ये अमायलॉइड, टाऊ ही प्रथिनं चुकीची घडी पडून साचतात. उष्णतेने प्रथिनांची घडी बिघडते हे तर प्राथमिक जीवशास्त्र. १९६२ मध्ये रिटोसा या संशोधकाच्या प्रयोगशाळेत उबवणीपेटीचं तापमान चुकून वाढलं आणि फळमाश्यांच्या पेशींत वेगळीच जनुकं जागी झालेली दिसली, त्यातूनच पुढे उष्णताघात-प्रथिनं सापडली. घड्या सरळ करणारी ही फौज वयाबरोबर कमजोर होते. मग उष्णतेने अल्झायमर 'होतो' म्हणायला काय हरकत?

मेंदूवाला_डॉक्टर

हरकत अशी, की बाहेर ३६ असलं तरी मेंदू ३७ च्या आसपासच असतो. पेशी उबवणीपेटीत नसतात, त्यांच्याभोवती जिवंत शरीर असतं. त्यामुळे माशीवरून थेट आजीवर उडी मारता येत नाही. मला आडवाटेची कारणं जास्त पटतात. उष्णतेत रक्त दाट होऊन पक्षाघात, आणि पक्षाघातानंतर डिमेन्शिया. दूषित हवा: लॅन्सेट आयोगाच्या २०२४ च्या अहवालात डिमेन्शियाचे जे टाळता येण्यासारखे १४ धोके दिलेत (सगळे दूर केले तर सुमारे ४५ टक्के रुग्ण टळतील किंवा लांबतील), त्यात हवेचं प्रदूषण आहे, तापमान स्वतंत्रपणे नाही. आपल्याकडे नोव्हेंबर ते फेब्रुवारी धुरकं आणि मार्चपासून उकाडा, म्हणजे वर्षभर काही ना काही चालूच.

आणि झोप. झोपेत मेंदूतला कचरा वाहून जातो असं २०१३ मध्ये उंदरांवर दाखवलं गेलं, नंतर त्यावर वादही झाले. पण तो वाद कसाही सुटो, गरम रात्रीनंतर डोकं चालत नाही हे तरुणांतही मोजलंय. बॉस्टनमध्ये २०१६ च्या लाटेत एसी नसलेल्या वसतिगृहातल्या विद्यार्थ्यांना सकाळच्या एका चाचणीत उत्तरं द्यायला सुमारे १३ टक्के जास्त वेळ लागला.

परळची_सून

अपडेट. आईंचं सोडियम १२७ आलं (१३५ च्या वर हवं). लघवीत जंतूही निघाले. डॉक्टरांनी 'एच' वाली गोळी बदलली, अँटिबायोटिक दिलं. येरझाऱ्या कमी झाल्यात, काल दुपारी चक्क झोपल्या. 'घरी सोडा' मात्र चालूच आहे, ते काही सोडियमने जाणार नाही. शालीऐवजी तिच्याच रंगाचा मलमलचा पंचा हातात दिला, तो चालला.

नणंदबाईंना रिपोर्ट पाठवला. उत्तर नाही आलेलं, निळ्या खुणा आल्यात.

वरचा_मजला

इमारतींच्या बाजूने लिहितो, माझा धंदाच तो. वरच्या मजल्यावर असाल तर गच्चीच्या स्लॅबला पांढरा परावर्तक रंग द्या; सोसायटीच्या सभेत भांडावं लागलं तरी भांडा. पत्र्याच्या घरात फरक आणखी जास्त पडतो. रात्री बाहेरची हवा आतल्यापेक्षा गार असेल तर समोरासमोरच्या खिडक्या उघडून एका बाजूला एक्झॉस्ट लावा, दिवसा उन्हाच्या खिडक्या बंद, पडदा शक्यतो बाहेरच्या अंगाने. घरात एकच एसी परवडत असेल तर तो रुग्णाच्या खोलीत, २७ वर ठेवून वर पंखा. बिल बरंच आटोक्यात राहतं.

जुना_गिरणगावकर
एसी न लावता वाळ्याचा पडदा चालेल का? आमच्या सौ. चा आग्रह आहे. आणि कूलर? (वय ७८, ब्लडप्रेशर आहे, आणि हो, मघाशी आमचीही स्ट्रिप बघितली.)

वरचा_मजला
वास छान येईल काका, गारवा नाही मिळणार. पडदा आणि कूलर दोन्ही पाणी वाळवून हवा गार करतात, ते नागपूरला. इथे खोलीत आणखी दमटपणा कोंडेल. त्यापेक्षा पडद्याचं पाणी थेट अंगाला लावा: मान, हात, पोटऱ्या ओल्या पंचाने पुसायच्या आणि समोर टेबल फॅन. दमट हवेत पंखा चांगला कामाला येतो.

मेडिकलवाले_काका
आणि गिरणगावकर, स्ट्रिपवर काय निघालं ते सांगा की.

जुना_गिरणगावकर
एच. सोमवारी जातोय डॉक्टरांकडे, सकाळच्या पहिल्या नंबरला, ऊन व्हायच्या आत.